विल्यम्स फॉर्म्युला वन संघाचा ऱ्हास

विल्यम्स हा फॉर्म्युला वन मोटार शर्यतींत उतरणारा एक ब्रिटिश संघ आहे. इ.स. १९८० ते १९९७ या अठरा हंगामांत या संघाने नऊ कारनिर्माता अजिंक्यपदे आणि सात चालक अजिंक्यपदे मिळवली. १९९७ नंतर त्याला यांपैकी एकही अजिंक्यपद मिळालेले नाही. संघाच्या नावावर एकूण ११४ विजय असून त्यांतील शेवटचा मे २०१२ मधील आहे. २०१८, २०१९ व २०२० अशा सलग तीन हंगामांत विल्यम्स दहा संघांत दहावा आला. २०२० मध्ये तर त्याला एकही गुण मिळाला नाही. त्याच वर्षी संस्थापक कुटुंबाने संघ विकला. मोटार शर्यतींच्या इतिहासात वैभवाला पोहोचून लयाला गेलेले संघ पुष्कळ आहेत. परंतु विल्यम्सचा ऱ्हास जवळजवळ पाव शतक चालला व तो सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला, म्हणून त्याची कारणे अधिक स्पष्टपणे तपासता येतात.

पार्श्वभूमी

फ्रँक विल्यम्स (१९४२–२०२१) हे १९६९ पासून स्वतःच्या नावाने फॉर्म्युला वनमध्ये गाड्या उतरवत होते. पहिली काही वर्षे अत्यंत ओढगस्तीची होती. १९७० मध्ये झांडफोर्ट येथील शर्यतीत त्यांचा चालक आणि जिवलग मित्र पिअर्स करेज अपघातात मरण पावला. पुढे पैशांअभावी संघाचा मोठा हिस्सा त्यांना वॉल्टर वुल्फ या उद्योगपतीस विकावा लागला आणि आपल्याच संघात ते दुय्यम ठरले. हा अनुभव त्यांच्या मनातून कधी गेला नसावा. पुढील चाळीस वर्षे मालकी दुसऱ्याच्या हाती जाऊ न देण्याचा जो हट्ट त्यांनी धरला, त्याचे मूळ बहुधा येथेच आहे.

१९७७ मध्ये अभियंता पॅट्रिक हेड यांच्यासह त्यांनी विल्यम्स ग्रांप्री इंजिनिअरिंग ही नवी कंपनी स्थापन केली. इंग्लंडमधील डिडकॉट येथे गालिच्यांच्या एका जुन्या गोदामात तिचे काम सुरू झाले. १९७९ मध्ये क्ले रेगात्सोनीने सिल्व्हरस्टोन येथे संघाला पहिला विजय मिळवून दिला व पुढल्याच वर्षी ॲलन जोन्स जगज्जेता झाला. विल्यम्स यांनी पैसा, पुरस्कर्ते आणि चालक पाहायचे व हेड यांनी गाडी पाहायची, अशी कामाची वाटणी होती. मार्च १९८६ मध्ये फ्रान्समध्ये मोटार अपघातात विल्यम्स यांचा मणका दुखावला आणि ते कायमचे चाकांच्या खुर्चीला खिळले. तरीही त्या वर्षीचे व त्यापुढील वर्षीचे कारनिर्माता अजिंक्यपद संघाने जिंकले.

संघाच्या बलस्थानांचे शिखर म्हणजे १९९२ ची एफडब्ल्यू१४बी ही गाडी. संगणकाच्या आज्ञेने जमिनीपासूनची उंची अखंड समतोल राखणारी तिची सक्रिय निलंबन प्रणाली, हेड यांची यंत्ररचना, एड्रियन न्यूई यांची वायुगतिकी आणि रेनॉचे दहा सिलिंडरचे इंजिन यांचा तीत संगम झाला होता. नायजेल मॅन्सेलने सोळांपैकी नऊ शर्यती जिंकून ऑगस्टमध्येच अजिंक्यपद निश्चित केले. १९९४ पासून अशा इलेक्ट्रॉनिक साहाय्यांवर बंदी आली आणि त्याच वर्षी १ मे रोजी इमोला येथे विल्यम्सची गाडी चालवताना आयर्टन सेनाचा मृत्यू झाला. या आघातानंतरही संघाने ते वर्ष कारनिर्माता म्हणून जिंकले. १९९६ मध्ये सोळांपैकी बारा शर्यती विल्यम्सने जिंकल्या.

इंजिनाचे परावलंबन

विल्यम्सचा ऱ्हास समजून घेण्यासाठी फॉर्म्युला वनमधील एक मूलभूत भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रत्येक संघाने गाडीचा सांगाडा स्वतः बनवावा असा नियम आहे. इंजिन मात्र दुसऱ्याकडून घेता येते. एखादी मोठी मोटार कंपनी जेव्हा एखाद्या संघाला आपला अधिकृत संघ मानते, तेव्हा तिचे अभियंते त्या संघाच्या सांगाड्याला अनुरूप असे इंजिन घडवतात व बहुधा तेही विनामूल्य देतात. उलट जो संघ केवळ गिऱ्हाईक असतो, त्याला तयार इंजिन पैसे मोजून घ्यावे लागते आणि मग आपली गाडी त्याभोवती बसवावी लागते. फेरारी दोन्ही गोष्टी एका छपराखाली करते. विल्यम्सने इंजिन कधीच बनवले नाही. त्यामुळे संघाचे भवितव्य प्रत्येक वेळी कोणत्या तरी परक्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या निर्णयावर अवलंबून राहिले.

याची पहिली चुणूक १९८७ च्या अखेरीस दिसली होती. दोन वर्षे लागोपाठ अजिंक्यपद मिळवून देणारी होंडा कंपनी करार शिल्लक असतानाही मॅक्लारेनकडे गेली. १९८८ मध्ये जड या लहान कंपनीचे इंजिन वापरून विल्यम्सला एकही शर्यत जिंकता आली नाही, तर मॅक्लारेन-होंडाने सोळांपैकी पंधरा जिंकल्या. तेव्हा रेनॉ मिळाल्यामुळे संकट एका वर्षात टळले. १९९७ च्या अखेरीस रेनॉने अधिकृतपणे माघार घेतल्यावर मात्र तसा भागीदार लगेच मिळाला नाही. १९९८ व १९९९ ही दोन वर्षे रेनॉच्याच जुन्या इंजिनांच्या, दुसऱ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या आवृत्त्या पैसे देऊन वापराव्या लागल्या. या दोन्ही वर्षांत विजय शून्य.

माणसे गमावण्याची सवय

इंजिन जाणे संघाच्या हातात नव्हते, पण माणसे जाणे होते. विल्यम्स व हेड या दोघांचीही अशी ठाम धारणा होती की शर्यत गाडी जिंकते, चालक हा पगारी नोकर असतो. ही धारणा त्यांना एका अर्थी लाभदायकच ठरली. कारण चालकांवरचा खर्च वाचून तो गाडीवर होई. पण तिचा परिणाम असा की विल्यम्सच्या गाडीत जगज्जेता झालेला चालक क्वचितच तिथे टिकला. १९८७ चा विजेता नेल्सन पिके लोटसकडे गेला. १९९२ चा विजेता मॅन्सेल पुढल्या वर्षीचा करार फिसकटल्याने अमेरिकेतील इंडीकार शर्यतींकडे वळला. १९९३ चा विजेता अलँ प्रोस्ट, सेना संघात येणार असे ठरताच निवृत्त झाला. १९९६ मध्ये डेमन हिल अजिंक्यपदाच्या वाटेवर असतानाच त्याला पुढील वर्षासाठी जागा नसल्याचे कळवण्यात आले व तो अ‍ॅरोजसारख्या दुबळ्या संघात गेला. गाडी सर्वांत वेगवान होती तोवर या वृत्तीचा फटका जाणवला नाही.

खरा फटका बसला तो तिच्या अप्रत्यक्ष परिणामाने. न्यूई यांना संघाच्या धोरणात, विशेषतः चालकांच्या निवडीत, आपले मत विचारले जावे अशी अपेक्षा होती. हिलला काढण्याचा निर्णय त्यांना न विचारता घेतला गेला. कंपनीत हिस्सा मिळावा ही त्यांची इच्छाही पूर्ण होण्यासारखी नव्हती, कारण मालकी विल्यम्स आणि हेड या दोघांपुरतीच होती. १९९६ च्या अखेरीस त्यांनी काम थांबवले आणि १९९७ मध्ये ते मॅक्लारेनमध्ये रुजू झाले. १९९७ ची विल्यम्स गाडी त्यांनी आखून ठेवलेली होती. तिच्यावर जाक व्हिलनव्हने अजिंक्यपद जिंकले. १९९८ ची दोन्ही अजिंक्यपदे न्यूईंच्या मॅक्लारेनने घेतली. पुढे २००६ पासून रेड बुल संघात त्यांच्या गाड्यांनी जे यश मिळवले, ते सर्वज्ञात आहे.

एक माणूस गेल्याने संघ बुडतो काय, असा प्रश्न यावर केला जातो. एकटे न्यूई गेले म्हणून विल्यम्स खालावला असे म्हणणे अतिसुलभ होईल. पण ज्या काळात वायुगतिकी हीच गाडीच्या वेगाची मुख्य किल्ली बनत होती, त्याच काळात त्या विद्येतला सर्वांत कुशल माणूस संघाने गमावला, आणि त्याच्या तोडीचा दुसरा घडवला नाही. हेड स्वतः उत्कृष्ट यंत्ररचनाकार होते. तथापि त्यांच्या पिढीची विद्या दांडे, गिअर आणि धातू यांची होती, वाऱ्याची नव्हती. न्यूईंनंतर वायुगतिकीची बाजू सांभाळणारे जेफ विलिस हेही पुढे बीएआर संघाकडे गेले.

बीएमडब्ल्यू पर्व

२००० मध्ये बीएमडब्ल्यू इंजिने पुरवू लागली आणि संघ पुन्हा उभा राहतो आहे असे वाटू लागले. या दोन कंपन्यांनी मिळून बनवलेल्या गाडीने १९९९ ची ल मां येथील चोवीस तासांची शर्यत आधीच जिंकली होती. बीएमडब्ल्यूचे इंजिन त्या काळी सर्वांत शक्तिशाली समजले जाई. मिनिटाला १९,००० फेऱ्यांचा टप्पा त्याने गाठला. २००२ मध्ये मोंझा येथे हुआन पाब्लो माँटोयाने पात्रता फेरीत ताशी २५९.८ किमी सरासरी वेग नोंदवला. याआधीचा विक्रम १९८५ मध्ये सिल्व्हरस्टोनला केके रॉसबर्गने केला होता, तोही विल्यम्समध्येच.

२००१ मध्ये चार, २००२ मध्ये एक व २००३ मध्ये पुन्हा चार विजय मिळाले. २००२ व २००३ ही दोन्ही वर्षे संघ दुसरा आला. २००३ मध्ये तर हंगेरीच्या शर्यतीनंतर माँटोया मायकेल शुमाकरपेक्षा अवघ्या एका गुणाने मागे होता. त्याच सुमारास पुढच्या टायरांची रुंदी मोजण्याच्या पद्धतीत बदल झाला. तो मिशलिन टायर वापरणाऱ्या संघांना जाचक ठरला आणि उरलेल्या तिन्ही शर्यती फेरारीने जिंकल्या. कारनिर्मात्यांत अंतिम गुण फेरारी १५८ व विल्यम्स १४४ असे होते. त्यानंतर विल्यम्स अजिंक्यपदाच्या इतक्या जवळ कधीच आला नाही.

२००४ ची गाडी समुद्रातील वॉलरसच्या सुळ्यांसारख्या दिसणाऱ्या रुंद, आखूड नाकामुळे लक्षात राहिली. हा प्रयोग फसला आणि हंगामाच्या मध्यानंतर नेहमीचे नाक बसवण्यात आले. वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत, ब्राझीलमध्ये, माँटोया जिंकला. पण तो व राल्फ शुमाकर हे दोघेही चालक त्याच वेळी संघ सोडून चालले होते.

दरम्यान बीएमडब्ल्यू आणि विल्यम्स यांच्यातील संबंध बिघडले होते. इंजिन उत्तम असताना गाडी मागे का पडते, असा जर्मन कंपनीचा सवाल होता. बीएमडब्ल्यूला संघाच्या मालकीत वाटा व कारभारात अधिकार हवा होता. विल्यम्स व हेड यांनी तो नाकारला. जून २००५ मध्ये बीएमडब्ल्यूने स्वित्झर्लंडचा झाउबर संघ विकत घेतला आणि विल्यम्सशी नाते संपवले. त्यानंतरच्या काळात मोठ्या मोटार कंपनीचा अधिकृत संघ म्हणून बीएमडब्ल्यूच्या तोडीचे पाठबळ विल्यम्सला पुन्हा मिळाले नाही.

हा नकार चूक होता की बरोबर, याविषयी दुमत आहे. २००९ च्या अखेरीस आर्थिक मंदीचे कारण पुढे करून बीएमडब्ल्यू फॉर्म्युला वनमधून पूर्णपणे बाहेर पडली; त्याच सुमारास होंडा आणि टोयोटाही गेल्या. विल्यम्स बीएमडब्ल्यूच्या मालकीचा झाला असता, तर २००९ मध्ये तोच विक्रीस निघाला असता, हे संस्थापकांच्या बाजूने म्हणता येते. मात्र स्वातंत्र्याची किंमत संघाला गुणतक्त्यात मोजावी लागली, हेही तितकेच खरे आहे. २००६ मध्ये कॉसवर्थ इंजिनासह संघ एकदम आठव्या स्थानी घसरला. (भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन २००६ व २००७ मध्ये विल्यम्सचा चाचणी चालक होता, तो याच उतरत्या काळात.)

पैसा, पुरस्कर्ते आणि चालक

२००० नंतर मोटार कंपन्यांच्या मालकीचे संघ खर्चाच्या बाबतीत स्वतंत्र संघांच्या कितीतरी पुढे निघून गेले. वायुबोगदे, संगणकीय प्रतिरूपण व शेकडो अभियंते यांवर अमर्याद पैसा ओतण्यास तेव्हा नियमांची आडकाठी नव्हती. विल्यम्सचे उत्पन्न तीनच वाटांनी येई: पुरस्कर्ते, स्पर्धेच्या बक्षीस रकमेतील वाटा आणि गाडीची जागा मिळवण्यासाठी पैसा घेऊन येणारे चालक. यांतील पहिल्या दोन वाटा निकालांवर अवलंबून असतात. निकाल खालावले की बक्षीस कमी, बक्षीस कमी की पुढल्या गाडीला खर्च कमी, खर्च कमी की निकाल आणखी खाली असे हे चक्र आहे. ते फिरू लागले की तिसरी वाट अपरिहार्य होते.

२०११ मध्ये व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचे पाठबळ घेऊन पास्टर माल्डोनाडो संघात आला. त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीचे काही समभाग फ्रँकफर्टच्या बाजारात विक्रीस काढण्यात आले. २०११ चा हंगाम अवघ्या पाच गुणांवर आणि नवव्या स्थानावर संपला. वर्षाअखेर हेड फॉर्म्युला वनच्या कामातून निवृत्त झाले.

माल्डोनाडोविषयी एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. संघाचा ११४ वा आणि आजवरचा शेवटचा विजय त्यानेच मिळवला: १३ मे २०१२, बार्सिलोना. फ्रँक विल्यम्स यांची सत्तरी नुकतीच झाली होती व तिचा सोहळा त्याच आठवड्यात साजरा झाला होता. शर्यतीनंतर आनंद साजरा होत असतानाच संघाच्या गॅरेजमध्ये आग लागली आणि काही जण जखमी झाले. पुढील वर्षी पुन्हा पाच गुण व नववे स्थान पदरी पडले.

या काळात कंपनीने शर्यतीबाहेरील अभियांत्रिकीकडे लक्ष वळवले होते आणि तिथे तिला चांगले यशही मिळाले. गाडी थांबवताना वाया जाणारी ऊर्जा फिरत्या चाकात साठवण्याचे विल्यम्सचे तंत्र ऑडीने वापरले व त्या गाडीने २०१२ ची ल मां शर्यत जिंकली. विद्युत गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेला पहिले चार हंगाम बॅटऱ्या विल्यम्सनेच पुरवल्या. संघ गुणतक्त्याच्या तळाशी असताना त्याच आवारातील दुसरी शाखा इतरांना जिंकून देत होती, असे हे विचित्र दृश्य होते. पुढे रोख पैशाची निकड भासल्यावर या दोन्ही शाखा विकल्या गेल्या. ऊर्जासंचयाची २०१४ मध्ये, तर अभियांत्रिकी कंपनीतील बहुसंख्य हिस्सा २०१९ च्या अखेरीस.

२०१४: तात्पुरते पुनरुत्थान

मार्च २०१३ मध्ये फ्रँक विल्यम्स यांच्या कन्या क्लेअर विल्यम्स संघाच्या उपप्रमुख झाल्या आणि दैनंदिन कारभार त्यांच्याकडे आला. २०१४ मध्ये नियमांनी इंजिनाचे स्वरूप पूर्णपणे बदलले. संकरित प्रकारची नवी इंजिने आली व त्यांत मर्सिडीजचे इंजिन इतरांहून फारच सरस ठरले. विल्यम्सने वेळेवर मर्सिडीजशी करार केला होता. परिणामी संघ नवव्या स्थानावरून थेट तिसऱ्या स्थानी चढला आणि त्याचे गुण ५ वरून ३२० झाले. ऑस्ट्रियाच्या शर्यतीत फेलिपे मासा व व्हाल्टेरी बोटास यांनी पात्रता फेरीत पहिली दोन स्थाने घेतली. २०१५ मध्येही तिसरे स्थान टिकले.

या यशात इंजिनाचा वाटा किती आणि गाडीचा किती, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. सरळ रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी पळे. मोनाकोसारख्या वळणावळणांच्या मार्गावर ती मागे पडे. इतरांची इंजिने सुधारत गेली तसा विल्यम्सचा लाभ ओसरत गेला. २०१६ व २०१७ मध्ये पाचवे स्थान मिळाले, गुण अनुक्रमे १३८ व ८३. माणसे जाण्याची जुनी परंपराही खंडित झाली नव्हती. संघाचे भागधारक आणि कार्यकारी संचालक टोटो वोल्फ जानेवारी २०१३ मध्येच मर्सिडीजला गेले होते व तिथे त्यांनी सलग आठ कारनिर्माता अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या संघाचे नेतृत्व केले. २०१४ च्या यशाचे तांत्रिक शिल्पकार पॅट सिमंड्स २०१६ च्या अखेरीस बाहेर पडले आणि जानेवारी २०१७ मध्ये बोटासही मर्सिडीजने नेला. निवृत्त झालेल्या मासाला परत बोलवावे लागले.

तळ

मार्च २०१७ मध्ये पॅडी लो हे अनुभवी अभियंते मर्सिडीजमधून तांत्रिक प्रमुख म्हणून आले. त्यांच्या देखरेखीखाली २०१८ साठी बनलेली गाडी मागील वर्षांच्या गाड्यांहून पुष्कळच वेगळी होती. पण तिच्या तळाखालून जाणारा हवेचा प्रवाह मध्येच तुटे व चालकांना तिचा भरवसा वाटेना. वर्षभरात सात गुण मिळाले. लान्स स्ट्रॉल आपल्या वडिलांनी घेतलेल्या दुसऱ्या संघात गेला व त्याच्यासोबत येणारा पैसाही गेला. मुख्य पुरस्कर्ता मार्टिनीनेही वर्षाअखेर साथ सोडली.

२०१९ ची गाडी तर वेळेवर तयारच झाली नाही. बार्सिलोना येथील हंगामपूर्व चाचणीचे पहिले अडीच दिवस विल्यम्सचे गॅरेज रिकामे होते. जो संघ एकेकाळी यंत्रशाळेच्या शिस्तीसाठी प्रसिद्ध होता, त्याच्या बाबतीत हे घडावे याचे फॉर्म्युला वनमधील जाणत्यांना आश्चर्य व दुःखही वाटले. हंगाम सुरू होण्यापूर्वीच लो रजेवर गेले आणि परतले नाहीत. संपूर्ण वर्षात संघाला एकच गुण मिळाला. जर्मनीत अल्फा रोमेओच्या दोन्ही गाड्यांना दंड झाल्याने रॉबर्ट कुबिका दहावा आला तेव्हा. बाकूच्या सरावात गटाराचे सैल झाकण उडून जॉर्ज रसेलच्या गाडीचा तळ फाटला. ती गाडी परत आणणाऱ्या वाहनाची क्रेन पुलाला धडकली व तिचे तेल त्याच गाडीवर गळले. दैव पाहून घाव घालते म्हणतात, त्यातला हा प्रकार.

२०१९ मध्ये कंपनीला सुमारे १.३ कोटी पौंडांचा तोटा झाला. मे २०२० मध्ये, कोरोना साथीमुळे शर्यती बंद असताना, मुख्य पुरस्कर्त्याशी करार संपुष्टात आला आणि संघ विक्रीस असल्याचे जाहीर झाले. ऑगस्टमध्ये अमेरिकेतील डॉरिल्टन कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने तो १५.२ कोटी युरोंना घेतला. ६ सप्टेंबर २०२० रोजी मोंझा येथील शर्यतीनंतर विल्यम्स कुटुंब संघातून बाहेर पडले. नव्या मालकांनी संघाचे नाव व ग्रोव्ह येथील आवार तसेच ठेवले. फ्रँक विल्यम्स यांचे २८ नोव्हेंबर २०२१ रोजी निधन झाले.

विक्रीनंतर उघड झालेल्या बाबी

ऱ्हासाची सर्वांत बोलकी कारणे विक्रीनंतर पुढे आली. २०२३ च्या आरंभी मर्सिडीजमधून आलेले संघप्रमुख जेम्स वॉल्स यांना असे आढळले की गाडीच्या सुमारे २०,००० भागांची नोंद एका एक्सेल तक्त्यात ठेवली जाते. कोणता भाग कुठे आहे, त्याला किती खर्च आला, तो बनायला किती दिवस लागतील हे त्यातून धड कळत नसे. आघाडीच्या संघांत हे काम खास संगणक प्रणाली करतात. दोन-अडीचशे माणसांच्या कारखान्यात जी पद्धत चालून जाते, ती त्याहून कितीतरी मोठ्या कारखान्यात चालत नाही. आणि विल्यम्स वाढला तरी त्याच्या कामाच्या रीती वाढल्या नव्हत्या. २०१९ ची गाडी उशिरा का आली, याचे उत्तरही बऱ्याच अंशी येथे सापडते.

याचा परिणाम २०२४ मध्येही दिसला. ऑस्ट्रेलियाच्या शर्यतीत सरावात अ‍ॅलेक्स अल्बॉनच्या गाडीचा सांगाडा मोडला. संघाकडे तिसरा, राखीव सांगाडा तयारच नव्हता. तेव्हा स्वतः काहीही चूक न केलेल्या लोगन सार्जंटची गाडी काढून अल्बॉनला देण्यात आली व सार्जंट शर्यतीला मुकला.

२०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली (पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर). ही मर्यादा लहान संघांच्या हिताची असली, तरी तिच्यात एक अडचण होती: श्रीमंत संघांनी आपले कारखाने मर्यादा येण्यापूर्वीच सजवले होते, आणि मागे पडलेल्यांना ती साधने मिळवण्यासाठीच्या भांडवली खर्चावरही बंधन होते. पुढे मागील संघांना त्यात काही सवलत देण्यात आली.

अन्य संघांशी तुलना

स्वतंत्र ब्रिटिश संघांचे वैभव सहसा संस्थापकाबरोबर मावळले. लोटसचे कॉलिन चॅपमन १९८२ मध्ये वारले. संघाचा शेवटचा विजय १९८७ मधील, आणि १९९४ नंतर तो बंद पडला. ब्रॅबहॅम १९९२ मध्ये संपला. टिरेल १९९८ च्या हंगामानंतर उरला नाही. या मालिकेत विल्यम्स संघ, निदान नावाने, टिकून राहिला हे विशेष आहे. मॅक्लारेनचे उदाहरण मात्र वेगळे आहे. होंडाशी झालेल्या दुसऱ्या, अयशस्वी भागीदारीत तोही नवव्या स्थानापर्यंत घसरला होता. पण नवे भांडवल व नवे व्यवस्थापन आणून, गिऱ्हाईक म्हणून घेतलेल्या मर्सिडीज इंजिनावरच त्याने २०२४ चे कारनिर्माता अजिंक्यपद जिंकले. त्यामुळे स्वतःचे इंजिन नाही म्हणून अजिंक्यपद अशक्य, हे विल्यम्सच्या बचावार्थ दिले जाणारे कारण पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही.

सद्यस्थिती

२०२१ मध्ये विल्यम्सला आठवे स्थान मिळाले. त्या वर्षी बेल्जियममध्ये रसेल दुसरा आला. पण मुसळधार पावसामुळे गाड्या केवळ सुरक्षा गाडीमागून फिरल्या होत्या आणि निकाल पात्रता फेरीच्या क्रमानेच लागला. २०२२ मध्ये संघ पुन्हा दहावा, २०२३ मध्ये सातवा व २०२४ मध्ये नववा आला. २०२५ साठी फेरारीतून कार्लोस साइन्झ आला. त्याने बाकू येथे तिसरे स्थान मिळवले आणि संघाने हंगाम पाचव्या स्थानी संपवला. २०१७ नंतरचे हे त्याचे सर्वोत्तम स्थान होय.